बाजूला बसलेली सून

"सुनिता, चहा आन गं! आन पदर नीट घे..."

सासूची हाक आली आणि सुनितानं कपबशा मांडल्या. बाहेर शिरूरच्या कौशल्याबाई आल्या होत्या, पुतणीचं स्थळ घेऊन... आणि ते कुणासाठी? तर सुनिताच्याच नवऱ्यासाठी, उत्तरेश्वरासाठी! सवतीच्या पाव्हण्यांना आपल्याच हातानं चहा द्यायचा! देवा, बाईनं सोसायचं तरी किती?

कपबशा भरताना कुणीतरी मागून तिचा पदर ओढला. तिनं वळून पाहिलं नाही. मागे कुणी नसतं, हे तिला ठाऊक होतं. पण उसाच्या फडात, चुलीपुढं, झोपेतसुद्धा ती इवली मूठ तिला सोडत नव्हती. दवाखान्यातून आल्यापासून ती पोर तिच्यामागं होती, आणि वर्षागणिक वाढत होती! आता तर कमरेला लागायला लागली होती.

ती चहा घेऊन बाहेर आली, तर कौशल्याबाई विचारत होत्या, "सुनेला काय व्याधी हाय म्हनायची?"

"व्याधी कसली? लई गुणाची हाय," सासू, चंद्रभागाबाई, म्हणाल्या. "पोट दुखायचं, म्हनून मीच दवाखान्यात नेलती. डाक्टर म्हनला पिशवी खराब हाय, काढा. आमच्या मालकाची बी पित्ताची पिशवी काढलती, आठ दिसात भाकर खाऊ लागले. मी लगीच कागदावर आंगठा लावला. पोट दुखायचं थांबलं, पर कूस काय उजवंना..."

कौशल्याबाईंनी बशी खाली ठेवली. "अवो, ही पित्ताची न्हाई... गर्भाची पिशवी! माझी बी काढलीय, आमच्या ऊसतोडीच्या टोळीतल्या लई बायांची काढलीय. आता लेकरू कुठनं व्हईल?"

"काय बी बोलू नगा! दर म्हयन्याला ती बाजूला बसती..."

चंद्रभागाबाई बोलता बोलता थांबल्या. सुनेची मान खाली गेली होती.

होय, बसत होती! काहीही नसताना महिन्याच्या महिन्याला ती अंगणाच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसत होती. तेव्हा दवाखान्यात नर्सबाईनं तिला सगळं सांगितलं, ती हंबरडा फोडणार, तोच दाराबाहेर सासू दिसली... ओळखदेख नसलेल्यांना साखर वाटत, 'माझी सून वाचली' म्हणत! त्या भोळ्या जिवाला काय सांगायचं? तुमच्याच अंगठ्यानं घराचा वंश खुंटला म्हणून? सुनितानं नवऱ्यालाही कळू दिलं नाही. गावानं वांझ म्हटलं, तेही ऐकून घेतलं!

कोपऱ्यात बसलेला उत्तरेश्वर उठला. बायकोकडं बघायची त्याला हिंमत झाली नाही. पाव्हण्यांना घेऊन आलेल्या दारातल्या जीपवाल्याला तो म्हणाला, "पाव्हण्यांला सोडून ये. सोयरीक न्हाई व्हायची."

जीप गेली आणि चंद्रभागाबाई उंबऱ्यावर हात आपटू लागल्या. "ह्योच आंगठा... ह्योच! का बोलली न्हाईस गं?"

सुनितानं धावत जाऊन तो हात धरला. "तुमी झुरून मेला असता, आत्याबाई! झालं ते झालं. ते आता ना तुमच्या हातात, ना माझ्या."

"मंग येकटी कशी ऱ्हायलीस, बाई?"

"येकटी कुठं? ती पोर हाय की... सारखी माझ्यामागं फिरती."

म्हातारी दचकली नाही. सुनेच्या तोंडावरनं हात फिरवत हळूच म्हणाली, "नाव काय ठिवलंस?"

आजवर कुणी विचारलं नव्हतं ते!

"आरोही..."

चंद्रभागाबाई दारात उभ्या राहिल्या. समोरच्या रिकाम्या वाटेकडं बघत म्हणाल्या, "आरोही, बाळा, आजीचं चुकलं गं... आता जा."

सुनिता कळवळली. "आत्याबाई, जा म्हनू नये कुनाला! ये म्हनावं..."

"ये म्हनलं की परत येती, माय. ती किती दिस आशी फिरल? तू म्हन."

सासूनं तिला जवळ ओढलं.

"जा गं माझी सोनी," सुनिता म्हणाली, आणि सासूच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली.