आतून येणारी हाक

२०८३ साली महाराष्ट्रात डोक्यात सोबती बसवलेली अकरा लाख माणसं होती, आणि त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात बाहेरून शिरणं कुणाला शक्य नव्हतं. डॉक्टरांना नाही, पोलिसांना नाही, सोबती बनवणाऱ्यांनाही नाही.

सोबती म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र. ज्यांना फेफरं यायचं, हातापायांना कंप सुटायचा, त्यांच्या मेंदूतली विजेची लय बिघडू लागली की ते ती ताळ्यावर आणायचं. सुरुवातीला ही यंत्रं दुरूनच दुरुस्त करता येत. त्यांच्या चाव्या बनवणाऱ्यांकडे असत. सोळा वर्षांपूर्वी कुणीतरी त्या चाव्या चोरल्या आणि एका सकाळी तीन हजार माणसं चालता-बोलता कोसळली. त्यानंतर कायदा झाला की चावी मुळी कुणाकडे असायचीच नाही. प्रत्येक सोबतीभोवती तटबंदी आली. जुन्या काळी कचेरीतल्या संगणकांना फायरवॉल असायची, त्याच जातीची, फक्त कितीतरी कडक. बाहेरून आलेला कुठलाही संदेश ती दारातच मारून टाकायची.

पण यंत्र म्हटलं की दुरुस्ती आलीच. त्यासाठी एक वाट ठेवलेली होती आणि ती फक्त आतून उघडायची. प्रत्येकानं आपली एक आठवण ठरवायची. ती आठवण मनात आणली की सोबती स्वतःहून पुण्याच्या देखभाल केंद्राला संदेश पाठवायचा. त्याला हाक म्हणत. हाक बाहेर पडली की पुढचे नव्वद सेकंद तटबंदी त्याच वाटेनं येणारं उत्तर आत घ्यायची. इमारतीचा रखवालदार अनोळखी माणसाला फाटकातून हाकलून देतो, पण वरच्या मजल्यावरून कुणी हाक मारून बोलावलं तर त्यालाच आत सोडतो, तसं.

मृण्मयी चौगुले मंगळवारी सकाळपासून हाक मारत नव्हत्या, कारण त्या शुद्धीवरच नव्हत्या.

त्यांचं वय एकाहत्तर. इचलकरंजीच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि नवरा गेल्यापासून मिरजेत मुलीकडे राहत होत्या. पहाटे त्यांच्या मेंदूत रक्ताची एक बारीकशी गुठळी अडकली. ती औषधानं विरघळलीही. पण त्या गडबडीत मेंदूची लय थोडी बदलली आणि सोबतीला वाटलं, हे फेफरंच. तो ती लय दाबू लागला. मेंदू जागा व्हायला धडपडला की तो आणखी जोरात दाबायचा.

इस्पितळातल्या डॉक्टर शेवाळे यांनी ओवीला, म्हणजे मृण्मयीबाईंच्या मुलीला, काहीही न लपवता सांगितलं. चार वाजेपर्यंत हा दाब श्वास चालवणाऱ्या भागापर्यंत पोचेल. कवटी उघडून यंत्र काढायचं तर दहातला एखादाच वाचतो. यंत्राच्या मांडणीतला एक आकडा बदलला तर मात्र त्या तासाभरात जाग्या होतील.

तो आकडा बदलू शकणारा माणूस पुण्यात बसला होता. आदिनाथ मगदूम, देखभाल केंद्रातले वरिष्ठ अभियंते. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांचा चेहरा दिसत होता. ओवीनं त्यांना विचारलं की इतकी वर्षं तुम्ही ही यंत्रं बनवता, मग तुमच्यासाठीसुद्धा काही आडवाट ठेवलेली नाही का.

"नाही," मगदूम म्हणाले. "आडवाट असती तर ती आज ना उद्या दुसऱ्यालाही सापडली असती. मला तुमच्या आईंच्या यंत्रातलं काहीच दिसत नाही, ओवीताई. त्यांची हाक आली तर तेवढी दिसेल. त्यांच्या कानावर पडलेलं आत पोचतंय ना?"

डॉक्टर शेवाळे यांनी ते तपासलं होतं. ऐकण्याचा भाग जागा होता. तेव्हा मगदूमांनी उपाय सुचवला. तटबंदी संदेश अडवते, पण कान हा काही यंत्राचा भाग नव्हे. आठवण आतून येत नसेल तर कानावाटे जागी करायची. मुलीनं बोलायचं.

साडेअकराला ओवी बोलायला लागली. स्वतःच्या जन्माची गोष्ट तिनं सांगितली, जी आईकडूनच शंभरदा ऐकली होती. आईबाबांचं लग्न, आईला मिळालेला जिल्ह्याचा पुरस्कार, आजोळची विहीर. दर गोष्टीनंतर ती पडद्याकडे बघायची आणि मगदूम नकारार्थी मान हलवायचे. दीड वाजला. आईचा श्वास आता मोजून घेतल्यासारखा येत होता.

मग मगदूम जरा घुटमळत म्हणाले की आपण चुकीच्या बाजूनं शोधतोय. हाक ठरवताना आम्ही प्रत्येकाला बजावतो, जी गोष्ट जगात कुणालाही सांगितलेली नाही तीच निवडा. तुम्हाला त्यांनी सांगितलेलं काहीही ती असणार नाही.

"मग मला ती माहीत कशी असेल?" ओवीनं विचारलं.

ओवीनं आईचा हात हातात घेतला. आईनं कधीच न सांगितलेली एक गोष्ट तिला माहीत होती. तिनंही ती कुणाजवळ काढली नव्हती.

ती तेव्हा चार वर्षांची होती. एके दिवशी बालवाडी सुटली आणि आई न्यायला आली नाही. सगळी मुलं गेली. ओवी पायरीवर बसून राहिली. शेवटी बाईंनीच तिला घरी सोडलं. बाबांनी पिठलं केलं, काही न बोलता वाढलं. दिवेलागण होऊन गेल्यावर आई आली. बाबांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मोठेपणी ओवीनं एकदा विषय काढला तेव्हा, शाळेचं काम होतं, एवढंच म्हणून आई उठून गेली होती.

ओवीनं हे सगळं आईच्या कानाशी सांगितलं. सांगताना तिचा आवाज कडवट झाला. पायरीवर आपण किती वेळ बसलो, किती रडलो, तेच त्यात जास्त होतं. पडद्यावर काही उमटलं नाही.

अडीच वाजून गेले. डॉक्टर शेवाळे आत येऊन श्वास मोजून गेल्या. ओवीनं डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी तिनं पायरी वगळली. त्या दिवशी आई कुठे गेली असेल, एवढंच ती बघू लागली.

"तू चपला काढल्यास तेव्हा मोरीत वाळू पडली होती, आई. मी पाहिली. पांढरी, बारीक वाळू. तू समुद्रावर गेली होतीस ना? सकाळी आम्हाला सोडून रत्नागिरीची गाडी पकडलीस. घाट उतरलीस. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. मी नव्हते, बाबा नव्हते. तुला कुणी आई म्हणत नव्हतं, कुणी बाई म्हणत नव्हतं. तुला परत यायचं नव्हतं. आणि तुला बरं वाटत होतं."

"आली," मगदूम म्हणाले. "हाक आली."

पुढचं दीड मिनिट खोलीत कुणी हललं नाही. पडद्यावर मगदूमांची मान खाली होती, बोटं भराभर चालत होती. चाळिसाव्या सेकंदाला त्यांनी आकडा बदलला. पन्नासाव्या सेकंदाला त्यांचा चेहरा आक्रसला. त्याच वाटेवर दुसरंही एक उत्तर येत होतं, भलतीकडून कुठून तरी. हाक कुणाची का असेना, ती ऐकण्यासाठी टपून बसलेले लोक जगात होतेच. मगदूमांनी वेळेआधीच वाट मिटवली. पाठीमागे टेकून त्यांनी ओवीला सांगितलं की झालं, आईंना आता जाग येईल.

पावणेचारला मृण्मयीबाईंनी डोळे उघडले. ओवी त्यांच्यावर वाकून म्हणाली, "आई."

आणि पुण्यात पुन्हा हाक आली.

पहिल्यांदा मगदूमांना तो योगायोग वाटला. संध्याकाळपर्यंत अशा सात हाका आल्या. दर वेळी ओवी काहीतरी बोललेली असायची. पाणी हवंय का, कूस बदलायची का, इतकंच. दर वेळी नव्वद सेकंद वाट उघडी राहायची आणि सातांपैकी तीन वेळा बाहेरचं कुणीतरी तिच्यातून शिरायला धडपडलं. मगदूम रात्रीची पाळी असलेल्याला न सांगता स्वतःच तिथे बसून उघडलेली वाट मिटवत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेला आले. ही गोष्ट पडद्यावरून सांगण्यासारखी नव्हती.

इस्पितळाच्या बाकावर ओवीशेजारी बसून त्यांनी समजावलं. मेंदूत दोन गोष्टी एकदम जाग्या झाल्या की त्यांची गाठ बसते. आई अर्धवट शुद्धीत असताना तुम्ही काही तास बोलत होतात आणि त्याच आवाजानं ती आठवण वर आली. आता तुमचा आवाज कानावर पडला की त्यांना तो दिवस आठवतो. त्यांना कळो न कळो, आठवतो. आणि यंत्राला तेवढं पुरतं.

ओवीनं वाटा शोधून पाहिल्या. नवी आठवण ठरवता येणार नाही का? येते, पण त्याला तीन महिने रोजचा सराव लागतो, आणि मेंदूच्या ज्या भागाला तो जमतो त्यालाच गुठळीनं धक्का दिला होता. यंत्रानं माझा आवाज बदलला तर? आई दहा मिनिटांत ओळखतील, मग गाठ नव्या आवाजाशी बसेल. जिथे कुठलीच लहर पोचत नाही अशा बंद खोलीत बोलले तर? वाट मिळाली नाही तर सोबती हाक साठवून ठेवतो आणि बाहेर पडताक्षणी पाठवतो. सोबती काढून टाकायचा म्हटलं, तर डॉक्टर शेवाळे यांनी जुने कागद काढून दाखवले. तो बसवण्याआधी मृण्मयीबाईंना दिवसाला वीस-वीस झटके येत.

"मी तिला वाचवलं," ओवी म्हणाली, "आणि आता मीच तिच्याशी बोलायचं नाही."

"तटबंदी आम्ही परक्यांसाठी बांधली होती," मगदूम म्हणाले. "घरच्या माणसाचा विचार केला नव्हता." मग त्यांनी सांगितलं की गेल्या वर्षभरात अशी ही चौथी घटना आहे. चौघंही वाचली होती. आधीच्या तीनही घरांत आता एक माणूस गप्प असतं.

मृण्मयीबाईंना त्यांनीच सगळं सांगितलं, ओवी बाहेर असताना. बाईंनी विज्ञानाच्या शिक्षिकेसारखे दोन-तीन नेमके प्रश्न विचारले. मग त्यांनी एवढंच विचारलं की माझी आठवण कुठली, ते तिला कळलं का. मगदूमांनी खोटं सांगितलं नाही.

घरी आल्यावर ओवी एक शब्द बोलत नसे. फोन आला की ती अंगणात जाऊन, दार ओढून घेऊन बोलायची. आईला काही सांगायचं झालं तर वहीत लिहायची. आईच दिवसभर बोलायची. शाळेचं, शेजाऱ्यांचं, भाजीचं. पूर्वी ती इतकं बोलत नसे.

विसाव्या की एकविसाव्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर आईनं तिला जवळ बसवून घेतलं. बराच वेळ ती ओवीच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"त्या दिवशी मी तुला टाकून गेले, असंच तुला वाटत आलंय ना," ती म्हणाली. "तसं नव्हतं गं. किनाऱ्यावर बसले होते आणि मग एकदम..."

पस्तीस वर्षं ओवीला हेच ऐकायचं होतं; पण तो दिवस आईच्या मनात जागा झाला की वाट उघडणार होती. तिनं आईच्या तोंडावर हात ठेवला आणि घट्ट दाबून धरला.