उजवीकडे वळताना

हे खरं घडलेलं आहे. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, माझं काही म्हणणं नाही.

मला फक्त कुठेतरी लिहून ठेवायचंय. माझ्या मुलीला, अवनीला, मराठी बोललेलं सगळं समजतं, पण वाचायचा कंटाळा. असल्या मराठी पेजवर ती कधी येणार नाही. म्हणून इथे लिहितोय.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही सकाळी साडेनऊची आहे. याच वर्षीची, सोळा जानेवारी. जागा चंदीगड.

आधी थोडं मागचं सांगतो.

मी जयंत. मूळचा सांगलीचा. नोकरी मोहालीत आयटी कंपनीत, राहायला एयरोसिटीत. काम म्हणजे सर्व्हरवर लक्ष ठेवणं. काही बिघडलं की अलार्म वाजतो. बहुतेक अलार्म उगाचच वाजतात. म्हणून आम्ही आधी आवाज बंद करतो, मग सवडीने बघतो. कधी बघायचं राहूनही जातं.

माझी बायको वीणा. सेक्टर ३९ मधल्या एका संशोधन संस्थेत होती. रोज स्वतः गाडी चालवत जायची.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात ती म्हणाली, "अरे, उजवीकडे वळताना गाडी पुढून कुईं करते."

"थंडी वाजत असेल. स्वेटर घाल तिला."

"फालतूपणा नको. डावीकडे नाही, सरळ जाताना नाही. फक्त उजवीकडे. दाखव कोणाला तरी."

रविवारी मीच बघायला बसलो. तिला ड्रायव्हर सीटवर बसवलं. ती स्टीयरिंग फिरवायची, मी चाकाशी कान लावून ऐकायचो. चाकाच्या आत खालच्या बाजूला एक गोळीसारखा सांधा असतो. चाक वळतं ते त्याच्यावर. बॉल जॉइंट म्हणतात त्याला. आवाज तिथूनच येत होता.

मी त्याच्या रबरावर तेलाचा स्प्रे मारला.

आवाज गेला.

वरून वीणाने विचारलं, "झालं?"

मी म्हणालो, "झालं."

सांधा झिजला होता. मी फक्त त्याचा आवाज बंद केला. बघायचं राहून गेलं.

नवव्या दिवशी एका चौकात, उजवीकडे वळताना, तो सांधा निखळला. चाक बाहेर फाकलं. गाडी जागेवर फिरली. मागून बस येत होती. बसवाल्याची चूक नव्हती.

विम्याचा माणूस घरी आला होता. त्याने विचारलं, "पहले कोई आवाज़ वगैरह आती थी, सर?"

मी म्हणालो, "नहीं."

अवनी माझ्या शेजारी उभी होती. सोळा वर्षांची होती तेव्हा. तिला आजही तेच खरं वाटतं.

त्यानंतर मला कशाचंच काही वाटेनासं झालं. जेवण झालं की ताट उचलतो. ऑफिसला जातो. लोक म्हणतात, जयंतने छान सावरलं. मी हो म्हणतो.

गेल्या नोव्हेंबरात दुसरी गाडी घेतली. जवळपास नवी. वेगळी कंपनी, वेगळा रंग. अवनीला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. तिला लायसन्स मिळालं. सेक्टर ३४ च्या क्लासला स्वतः गाडी घेऊन जायचं म्हणून मागे लागली. तिच्या आईसारखीच चालवते. सीट पार पुढे ओढून, दोन्ही हात स्टीयरिंगवर.

दोन जानेवारीला ती चालवत होती, मी शेजारी. धुकं होतं. पहिल्या चौकात तिने गाडी मधल्या गोलाभोवती घेतली. स्टीयरिंग उजवीकडे गेलं...

कुईं.

तोच आवाज. मी त्याची दुसऱ्या कशाशी गल्लत करणार नाही.

"थोड़ी-सी आवाज़ है पापा, ठंड की वजह से होगी," अवनी म्हणाली.

मी तिला गाडी बाजूला घ्यायला लावली. किल्ली काढून खिशात टाकली. कारण सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटात बलकार सिंग नावाचे मेकॅनिक आहेत. साठीचे असतील. कमी बोलतात. त्यांची शोधायची पद्धत साधी आहे. एकाने आत बसून स्टीयरिंग फिरवायचं. ते बाहेर चाकाशी बसून एकेका भागावर हात ठेवतात. जो भाग वाजतो, तो हाताला थरथरतो.

मी आत बसलो. ते खालून सांगायचे, "लेफ्ट." मी डावीकडे. "राइट." मी उजवीकडे.

कुईं.

स्प्रिंगवर हात ठेवला. काही नाही. मग एकेका रबरावर साबणाचं पाणी ओतलं. दोषी रबर ओलं झालं की गप्प होतं म्हणे. एकही गप्प झालं नाही. बॉल जॉइंटला पहार लावून हलवून पाहिलं. तसूभरही हलला नाही.

"गड्डी बिल्कुल फिट है जी."

"आवाज तो आ रही है."

"आ तो रही है," ते म्हणाले. "पर हाथ में नहीं आ रही."

दोन आठवड्यांत पुढच्या बाजूची सगळी रबरं बदलून झाली. सस्पेन्शनच्या वरचे बेअरिंगही बदलले. आवाज तसाच. घरी अवनी माझ्याशी बोलेनाशी झाली. "आपको मुझ पे भरोसा नहीं है, बस." दार आपटून रिक्षाने क्लासला गेली.

मग सोळा तारीख.

धुकं इतकं होतं की समोरचं दुकान दिसत नव्हतं. बलकारजींनी गाडी पुढून जॅकवर घेतली होती. उजवं चाक काढलेलं. मी थोडा वेळ स्टीयरिंग फिरवलं. मग ते पाना आणायला दुकानात गेले, म्हणून मी उतरलो. दार लावलं. सवयीने किल्ली काढून खिशात टाकली आणि चार पावलांवरच्या टपरीवर चहा घ्यायला गेलो.

पाठीमागून त्यांचा आवाज आला. ते परत येऊन गाडीखाली गेले असावेत.

"हांजी, लेफ्ट."

मी आत नाही, हे त्यांना सांगायला वळलो. तोंडात चहाचा घोट होता.

"राइट."

आणि...

कुईं.

"हौली जी, हौली. धीरे. फिर से राइट."

कुईं...

मी गाडीपाशी गेलो. पुढच्या काचेवर दव होतं. वायपर फिरतो तेवढाच भाग जरा स्वच्छ होता. त्यातून स्टीयरिंग दिसत होतं.

सीटवर कोणी नव्हतं.

स्टीयरिंग डावीकडून उजवीकडे गेलं. सावकाश. थांबलं. कोणीतरी पुढच्या सूचनेची वाट बघतंय तसं.

किल्ली काढली की स्टीयरिंग लॉक होतं. किल्ली माझ्या खिशात होती. मी हात घालून पाहिली. होती.

बलकारजी गाडीखालून सरकत बाहेर आले. हात पुसत पुसत वर पाहिलं, तर मी कप घेऊन समोर उभा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गाडीकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"आप इधर हो... तो अंदर मैडम कौन बैठी हैं जी?"

मी पुन्हा काचेतून आत पाहिलं.

"मैंने सोचा आपके घर से आए हैं. अभी बोलीं मुझसे."

"क्या बोलीं?"

त्यांनी जरा आठवलं. त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही. ते जन्मात कधी महाराष्ट्रात गेलेले नाहीत.

"पूछ रही थीं... झालं?"

कप हातातच होता. सांडला नाही, काही नाही. मी टपरीवर जाऊन तो जागेवर ठेवला. परत आलो. दार उघडलं. आत थंडी होती, बाहेर होती तेवढीच. सीट पार पुढे ओढलेली होती. मी उंच आहे. थोड्या वेळापूर्वी मी त्याच सीटवर बसलो होतो.

मी वाकून म्हणालो, "नाही, वीणा. नाही झालं. तेव्हाही झालं नव्हतं."

दोन वर्षांत हे पहिल्यांदा तोंडातून निघालं. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

बलकारजींनी पाना उचलला. एवढंच म्हणाले, "जॉइंट दोनों नए डाल देता हूँ." जुने ठणठणीत होते, तरी बदलले. संध्याकाळच्या आत गाडी जमिनीवर आली. मी दोन चौक फिरवून आणली.

आवाज नाही.

उजवीकडे, डावीकडे, कुठेच नाही.

मी परत जाऊन त्यांना एकच विचारलं. "तेल लगाया क्या?"

"नया रबर चढ़ाते वक्त थोड़ा तो लगता ही है जी," ते म्हणाले.

त्या दिवसापासून गाडी गप्प आहे. अवनीला वाटतं, झालं काम. रोज किल्ली मागते. मी रोज उद्या म्हणतो.

आज चोवीस तारीख. आठवा दिवस.

आज सकाळी ती आंघोळीला गेल्यावर मी खाली पार्किंगमध्ये गेलो. उन्हं आली होती, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होत होती. मी चाकाशी बसलो. स्प्रिंगवर हात ठेवला.

म्हणालो, "वीणा, उजवीकडे."

वाट पाहिली.

"उजवीकडे घे ना."

चाक हललं नाही. हाताला काही लागलं नाही. गार लोखंड, बस.

तिचं समाधान झालं म्हणून ती गेली, की मी पुन्हा एकदा फक्त आवाज बंद केला, हे मला कळत नाही. बलकारजींनाही सांगता येत नाही.

हे लिहितोय तोवर अवनी दारात येऊन उभी राहिली आहे. रिक्षाने क्लासला निघालीय, बूट घातलेत. हात पुढे केलाय.

"पापा, चाबी. कल से पक्का मैं ही चलाऊँगी. ठीक हो गई ना गाड़ी?"

मग ती मराठीत विचारते. ती माझ्याशी मराठी कधी बोलत नाही.

"झालं?"

किल्ली अजून माझ्या खिशात आहे.