मोडलेले दोन उपास

"खीर? मोठ्या उपासात... दुधाची खीर?"

सून मार्तिना एवढंच बोलली आणि फेब्रोनियाच्या हातातला चमचा तसाच राहिला. मार्तिना चाळण मागायला शेजारच्या सनीयाच्या घरात डोकावली, तर सासू तिथं वाडगा पुढ्यात घेऊन बसलेली! ईस्टरला अजून तीन आठवडे होते. पंचावन्न दिवस दूध, अंडं, मांस काही शिवायचं नाही. आणि जन्मात कधी न चुकलेली ही बाई मुसलमान शेजारणीकडे बसून खुशाल खीर खातेय!

दिवेलागणीला मुलगा कीरोलस समोर येऊन उभा राहिला. चर्चमधला डीकन तो, धर्मगुरूंचा मदतनीस. शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सुवार्ता न्या, असं दर शुक्रवारी पोरांना पोटतिडकीनं शिकवणारा.

"आई, लोक विचारतायत, तुझी आई धर्म सोडतेय का म्हणून. काय तोंड दाखवू मी?"

"लोकांना दुसरा उद्योग काय?"

"मग का खाल्लीस ते सांग."

काळीज तुटत होतं माऊलीचं, पण सांगणार कशी? सनीयाला शब्द दिला होता... सगळं घर एकाच परातीभोवती जेवायचं. त्या दिवसापासून तिचं ताट वेगळं लागलं. कीरोलसनं बोलणंही टाकलं. तरी रोज दुपारी, सगळ्यांच्या देखत, ती सनीयाकडे जातच राहिली.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी सनीयाच भिंतीला धरून धरून त्यांच्या दारात आली. नुसता हाडांचा सापळा झाला होता तिचा.

"कीरोलस, वेगळ्या ताटाचं मला आज कळलं. ही सांगायची नाही, मी सांगते. माझा हम्दी इटलीला चोरून माणसं नेणाऱ्या नावेत बसला त्याला दोन महिने झाले. खबर येईपर्यंत अन्न शिवणार नाही, अशी शपथ घेतली मी. चोरून खजूर-पाण्यावर राहिले, घरच्यांना पत्ता नाही. शपथ मोडली तर पोराचं वाईट होईल, ही धास्ती. हिनं ओळखलं. म्हणाली, तू तुझा उपास मोड, मी माझा मोडते. देवाला रागवायचंय तर दोघींवर रागवू दे. अजूनही ही सोबत खाते तेव्हाच माझ्या पोटात दोन घास जातात."

तिला धाप लागली.

"म्हटलं, तुझ्या मसीहाला चालेल? तर म्हणाली, तो भुकेल्याला आधी जेवू घालायचा, मग बोलायचा. चाळीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहतोय आपण, पोरा... तुमच्या देवाबद्दल मी त्या दिवशी पहिल्यांदा काही विचारलं."

कीरोलसचा चेहरा उतरला. इतके दिवस आपण पोरांना काय शिकवलं आणि घरात काय केलं... त्यानं आईचे दोन्ही हात डोळ्यांना लावले आणि हमसून हमसून रडला.

"आई, चुकलो मी. उद्या चर्चमध्ये धर्मगुरूंकडे जा, पापाची कबुली दे. सणाला प्रभुभोजन तरी घेता येईल तुला."

"कबुली द्यायची तर पस्तावा हवा ना रे. तो कुठून आणू? उद्या दुपारी पुन्हा खाणार आहे मी."

सणाच्या प्रार्थनेत प्रभुभोजनासाठी सगळी रांग वेदीकडे सरकली. फेब्रोनिया एकटी बायकांच्या बाजूला मागं बसून होती. हम्दीची खबर अजून आली नव्हती. डीकनच्या पांढऱ्या झग्यातला कीरोलस रांगेतून बाहेर पडला आणि सगळं गाव बघत असताना बायकांमधून वाट काढत आईजवळ येऊन बसला.

"जा की रे," ती कुजबुजली, "रांग संपेल."

"संपू दे."