आपला सेल काढून घ्यावा

शुक्रवारी कापडाचे लूम बंद असत, म्हणून त्या दुपारी केसरीनाथ आपलं जुनं पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारा पायानं दाबायचा डबा, पिशवीत घालून नूर मोहम्मदच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाकडे निघाला. भिवंडीजवळच्या राहनाळचा हा गडी दिवसा कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग नीट करायचा, आणि लग्नसराईत प्रभाकरच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. धाकटा भाऊ मोरू त्याच ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅडवर ठेका धरत असे. आईबाप लवकर गेले, तेव्हा केसरीनाथनंच त्याला वाढवलं होतं. भावावर त्याचा इतका जीव, की गावातल्या बायका त्याला 'मोरूची आई' म्हणून चिडवत.

सध्या त्याच्या जिवाला घोर होता तो प्रभाकरच्या नव्या कीबोर्डचा. नव्वदच्या दशकातले दिवस ते. डाव्या हाताची दोन बोटं टेकवली की कीबोर्डवर बेस वाजतो, मग गळ्यात ओंडका अडकवलेला माणूस कशाला सांभाळायचा, असं प्रभाकर येताजाता हसत हसत म्हणायचा. जागा टिकवायची तर कीबोर्डच्या बापालाही जमणार नाही असा आवाज काढायला हवा होता. पण बाजारातली पेडलं सगळी साध्या गिटारची. बेसला लावली की ती खालचे सूर गिळून टाकत आणि मागे नुसती भुणभुण उरे.

बरं, चांगला डबा मिळाला तरी त्याला वीज कुठून द्यायची, हा भिवंडीतला वेगळाच ताप. घरच्या विजेवर चालणारा एलिमिनेटर लावावा तर त्याच लाइनवर सगळ्या गावाचे माग. गाणं सुरू होण्याआधीच स्पीकरमधून त्यांची घरघर यायची. म्हणून वाजवणारे चौकोनी नऊ व्होल्टचा सेल घालत. त्यांच्यात एक रिवाजही होता. पेडलांची अदलाबदल करताना जो तो आपला सेल काढून घेई आणि डबा रिकामा देई. बाहेरच्यांना तो चिक्कूपणा वाटे. नूर मोहम्मद मात्र झाकण उघडून रिकामं दाखवल्याशिवाय डब्याला हात लावत नसे.

दुकानात बेसच्या कामाचं काही निघालं नाही. तेवढ्यात टेपरेकॉर्डर दुरुस्तीला घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं की ब्राह्मण आळीतल्या माईंच्या मुलाकडे, चिंतामणीकडे, बेससाठी मुद्दाम करून घेतलेला एक हिरवा डबा होता. मुलगा आता नाही, डबा असेल. नूर मोहम्मदनं सोल्डरच्या धुरात मान आणखी खाली घातली. केसरीनाथ पायरी उतरला तेव्हा त्यानं मागून एवढंच सांगितलं, "जायचं तर जा. पण डबा रिकामा करूनच घे."

माईंच्या घरात फिनेलचा वास भरला होता. पुढच्या खोलीच्या एकाच भिंतीला ताजी सफेदी दिली होती, तरी तिच्या आतून कमरेच्या उंचीवर काहीतरी तपकिरी फुटून आलं होतं. डब्याचं नाव काढताच माईंनी कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे बोट दाखवलं. स्वतः त्या जवळ आल्या नाहीत. केसरीनाथनं झाकण उचललं. चादरींच्या खाली हिरव्या डब्याचा लाल दिवा तेवत होता.

ट्रंक वर्षभर उघडलेली नाही, असं माई म्हणाल्या. इथंच त्याच्या अंगावर काटा यायला हवा होता. पण केसरीनाथला झाला आनंद. वर्षभर न उतरलेला सेल! फुकट काही न्यायचं नाही म्हणून त्यानं आपलं जुनं पेडल टेबलावर ठेवलं, त्यातला आपला सेल रिवाजाप्रमाणे आठवणीनं काढून खिशात घातला, आणि माईंचा डबा सेलासकट पिशवीत टाकला. रिवाज त्याला एका बाजूनंच आठवला.

"आता तो परत आणू नकोस," माई म्हणाल्या, आणि तो उंबरठा ओलांडतो न ओलांडतो तोच त्यांनी कडी लावली.

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून आल्यावर संध्याकाळी दोघे भाऊ घरी वाजवायला बसले. केसरीनाथनं पायानं बटण दाबलं, आणि पहिल्याच सुरानं मांडणीवरची भांडी थरथरली. आवाज कानात शिरत नव्हता, थेट बरगड्यांत शिरत होता. मोरू खूश होऊन म्हणाला, "दादा, प्रभाकरची वाचाच बसंल आता."

वाजवता वाजवता केसरीनाथला सुराच्या खाली आणखी काहीतरी ऐकू येऊ लागलं. ठोका होता तो, पण मोरूच्या ठेक्यातला नव्हता. ओल्या पोत्यावर दांडकं घालावं तसा दबका, दमादमानं पडणारा. आणि दोन ठोक्यांच्या मधे एक कोवळा, अनोळखी आवाज... "दादा, नको... दादा..."

त्यानं मोरूकडे पाहिलं. मोरू खाली मान घालून वाजवत होता. त्याच्या मानेवरची शीर उडत होती. ती पाहून केसरीनाथच्या अंगात असा संताप उसळला की डोळ्यांपुढे अंधारी आली. कसला संताप, ते त्याला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही.

भानावर आला तेव्हा ऑक्टोपॅड आडवा पडला होता. मोरू भिंतीला टेकून बसला होता, त्याचा ओठ फाटून हनुवटीवरून रक्त गळत होतं, आणि गिटारच्या खुंट्यांत त्याच्या केसांचा पुंजका अडकला होता.

"गिटारचा पट्टा तुटला का रं, दादा?" मोरूनं विचारलं. त्या वेड्यानं सबबही स्वतःच पुरवली. केसरीनाथनं होय म्हणून मान हलवली. पट्टा शाबूत होता. पण भावाला सांगणार काय? तुला मारायला माझे हात शिवशिवत होते, आणि मारताना मला बरं वाटत होतं, हे?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो डबा पिशवीत घालून धापा टाकत नूर मोहम्मदकडे गेला आणि घडलं ते सगळं ओकला. नूर मोहम्मदनं एकच विचारलं, की आत सेल कुणाचा आहे. उत्तर ऐकून त्यानं दुकानाचं फळकूट आतून ओढून घेतलं.

"चिंतामणीला एक लहान भाऊ होता," तो हळू आवाजात म्हणाला. "शॉक लागून दोघं गेले असं लोकांना सांगितलं. मी वायरिंग बघायला गेलो होतो केसरी, भिंत मी बघितली. गिटार मोडेपर्यंत चिंतामणीनं गिटारनं मारला त्याला. मग या डब्यानं. माई समोर बसलेली. आणि मग त्यानं एलिमिनेटरची वायर दातानं सोलली, आणि तोंडात धरली."

नूर मोहम्मदनं पाण्याचा गडू पुढे केला आणि सांगितलं की वाजवणाऱ्याच्या मनात जे असतं ते सेलात उतरतं, निदान जुने लोक असं मानतात. म्हणून तर आपला सेल आपण न्यायचा, दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचा नाही. डबा होता तिथं नेऊन ठेव, असं त्यानं बजावलं.

पण माईंच्या दाराला कुलूप होतं. नातेवाइकांनी त्यांना आदल्याच दिवशी कायमचं नागपूरला नेलं होतं. खिडकीच्या गजांतून आतल्या टेबलावर केसरीनाथचं स्वतःचं पेडल दिसत होतं. हात घातला तरी पोचणार नाही इतक्या अंतरावर.

तो तसाच कशेळीच्या पुलावर गेला आणि चिंतामणीचा सेल त्यानं खाडीत भिरकावला. डबाही फेकायला हात वर गेला होता. पण जवळच्या पूर्णा गावात हळदीचा कार्यक्रम होता, आणि तिथं काही वेगळं ऐकू आलं नाही तर पुढच्या कार्यक्रमाच्या सुपारीला येऊ नकोस, असं प्रभाकरनं या खेपेला न हसता सांगितलं होतं. सेल गेला म्हणजे चिंतामणी गेला, मग डब्याचा काय दोष, असं केसरीनाथनं स्वतःला समजावलं. वाटेत त्यानं आपल्या हातानं नवा सेल विकत घेतला. नवा, कोरा, स्वतःचा.

पूर्णेच्या गोदामांमागे मांडव पडला होता. दिवस मावळताना नवरदेवाला हळद लागली आणि पोरं नाचायला उतरली. केसरीनाथनं बटण दाबलं. आवाज आला तो सोन्यासारखा, स्वच्छ, भरदार. ठोका नाही, कुणाची हाक नाही. प्रभाकरनं कीबोर्डवरून वळून मान डोलावली आणि केसरीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. जागा वाचली होती.

मग सुराच्या खालून आवाज आला... "दादा, नको..."

या वेळी आवाज ओळखीचा होता. मोरूचा होता. केसरीनाथनं झटकन वळून पाहिलं, तर मोरू ऑक्टोपॅडवर रंगात आला होता, ओठ मिटलेले, गालात हसत होता. स्पीकरमधला मोरू मात्र रडत होता... "दादा, नको रं... लागतंय..." नव्या सेलात चिंतामणी नव्हता, पण केसरीनाथच्या मनातली ती संध्याकाळ उतरली होती.

खाली मांडवात कुणीतरी कुणाच्या तोंडावर बुक्की मारली. नाचणारी पोरं एकमेकांवर तुटून पडली. खुर्च्या डोक्यांवर फुटू लागल्या. एका म्हाताऱ्यानं शेजारच्याचा कान दातात धरला आणि तो तुटेपर्यंत सोडला नाही. ठोका आता सगळ्या मांडवात घुमत होता, आणि माणसं त्या ठोक्यावर मारत होती, तालात. केसरीनाथचे हात आपसूक वर गेले. त्यांनी गळ्यातला पट्टा काढला, गिटार मानेपाशी धरली. आपण काय करतोय हे त्याला या खेपेला सगळं दिसत होतं. थांबता येत नव्हतं. मोरूनं वर पाहिलं. पहिला घाव खांद्यावर बसला आणि गळपट्टीचं हाड मोडल्याचा आवाज आला. दुसऱ्या घावाला गिटार डोक्यावर आली असती, पण ताणलेली वायर डब्यातून उपटली, आणि सगळं एकदम शांत झालं.

मारामारीच इतकी मोठी झाली होती की मोरूला कुणी मारलं याची चौकशी कुणी केली नाही. मोरूही गर्दीतल्या कुणाचं तरी नाव घेत राहिला. खरंच दिसलं नव्हतं की भावाला वाचवत होता, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी केसरीनाथ नेहमीप्रमाणे पाळीवर गेला. त्यानं एका बिघडलेल्या मागाचं झाकण काढलं, माग नीट केला, चालू केला. मग आपला डावा हात शांतपणे फिरत्या गिअरमध्ये घातला. शेजारच्या मागावरचा कामगार सांगतो की त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही. कापडाच्या ताग्यावर रक्त उडत होतं, आणि तो दात आवळून बोटं पूर्ण जाईपर्यंत थांबला. गिटार धरणारा हातच राहिला नाही की मोरूला धोका नाही, एवढं साधं गणित होतं त्याचं. भावासाठी त्यानं तेही केलं.

दवाखान्यात मोरू उशाशी बसून राहिला, स्वतःचा हात झोळीत अडकवलेला. केसरीनाथनं त्याला एकच काम सांगितलं. तो हिरवा डबा खाडीत टाकून ये. का, ते काही तोंडातून निघालं नाही. मोरूनं मान हलवली आणि आल्यावर सांगितलं की टाकला.

पावसाळा सरला. मोरूचं हाड जुळलं. केसरीनाथला कारखान्यात बसल्या जागेचं काम मिळालं. नवरात्रात राहनाळच्या मैदानात प्रभाकरचा ऑर्केस्ट्रा लागला, तेव्हा गावानं मोठ्या मानानं केसरीनाथला पहिल्या रांगेत बसवलं. बोटं नसलेला हात त्यानं टॉवेलाखाली झाकून घेतला होता. दिवेलागणीला पडदा वर गेला. ऑक्टोपॅडवर नवाच कुणी होता. आणि गळ्यात केसरीनाथची बेस गिटार अडकवून मोरू उभा होता.

मोरू माईकपाशी आला. लाजत लाजत म्हणाला, "ही जागा माझ्या दादाची हाय. ती दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून मी शिकलो. दादाला ठाव न्हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कौतुकानं केसरीनाथनं भावाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, आणि नजर पायाशी थिजली.

मोरूच्या पायाजवळ हिरवा डबा होता.

मोरूनं त्याची नजर पाहिली आणि चोरी पकडली गेल्यासारखा हसला. माईक बाजूला सारून, वाकून म्हणाला, "टाकवला न्हाय रं, दादा. तुझी वस्तू ती, आजवर वाजवली न्हाय मी. सेल पण तुझाच हाय आत. अजून उतरला न्हाय."

पूर्णेला घातलेला सेल. नवा, कोरा, स्वतःचा. भावावर घाव घालताना डब्यात होता तो. झाकण उघडून तो काढून घ्यायचं दवाखान्यात त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं...

केसरीनाथ उठायला गेला. त्याआधीच मोरूचा पाय बटणावर पडला. लाल दिवा लागला. खुर्च्यांखालची जमीन हादरली, मागच्या रांगेत कुणीतरी कुणाला शिवी दिली, आणि सुराच्या खाली तो ठोका सुरू झाला... दबका, ओला, दमादमानं. मोरूच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. त्यानं गळ्यातला पट्टा काढला. गिटार मानेपाशी धरून तो मंचाच्या पायऱ्या उतरू लागला, आणि त्याची नजर केसरीनाथवरून ढळली नाही.

तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला. घोगरा, रक्तानं भरल्यासारखा, विनवणारा... "मोरू, नको... नको रं, बाळा..."

सगळ्या रांगेनं वळून केसरीनाथकडे पाहिलं, कारण आवाज त्याचा होता. त्याचं तोंड तर अजून मिटलेलंच होतं.