छोट्या लाईनचा बाक

"शिशिर, चेंडू बाकाखाली गेलाय. तूच काढ, आम्ही मावत नाही तिथं," राजस म्हणाला.

सात वर्षांचा शिशिर सरपटत आत शिरला. रायपूरमधल्या त्यांच्या कॉलनीच्या बागेतला तो बाक अगदी नवा होता, लाकूड मात्र जुनं होतं. छोट्या लाईनच्या रुळांखालचे स्लीपर होते ते. रायपूरहून अभनपूरकडे जाणारी ती अरुंद रुळांची गाडी बंद झाली आणि शहरातल्या तिच्या वाटेवर मोठा रस्ता आला. राजस-शिशिरचे आजोबा, गंगाधरराव, त्या गाडीनं कॉलेजला यायचे. गाडी इतकी हळू, की खाली उतरून बोरं तोडावी आणि धावत पुन्हा चढावं. शेजारचे निरंजनकाका मुलाकडे अमेरिकेला जाऊन आले. तिकडेही म्हणे एका गावाहून दुसऱ्या गावाला विजेवर डबे धावायचे. मोटारी आल्या, रूळ उखडले. आता तिथली म्हातारी माणसं उरलेले डबे पुसूनपुसून जपतात. "डबा नाही तर नाही, निदान बाक तरी करू," आजोबा म्हणाले होते. उद्या सकाळी त्या बाकाचं उद्घाटन होतं.

"दादा, इथं खाली टायर ठोकलाय," बाकाखालून आवाज आला.

"चेंडू काढ म्हटलं ना."

"खरंच. पट्ट्या आहेत, खिळे मारलेत."

नागपूरहून दिवाळीच्या सुट्टीत आलेली आतेबहीण ऋता लगेच पोटावर आडवी झाली. "राजस, पाह्य बरं. गाडीच्या स्लीपरले टायर काहून ठोकतील? हे तर माणसाचा पाय घसरू नये म्हणून ठोकलं."

राजसनं वाकून पाहिलं. टायरच्या खाचांत वाळलेला चिखल होता आणि त्यात हिरव्या बांगडीचा तुकडा.

"तुमची रेल्वे बांगड्या घालत होती काय?" ऋतानं विचारलं.

"आजोबांनी हे मागच्या नाल्यावरून आणले. बेवारस पडले होते म्हणे."

"मग चल नाल्यावर."

नाल्यावर एकटं जायला बंदी होती, आणि राजसच्या आईला, स्नेहलला, फसवणं कठीण होतं. मुलांच्या चपला पाहून ती सांगायची कोण कुठं जाऊन आलंय. म्हणून त्यांनी खरं तेच सांगितलं. "मी येते," ती म्हणाली. पाण्याची बाटली घेतली, शिशिरच्या डोक्यावर टोपी बसवली आणि त्याचा हात धरला तो सोडलाच नाही.

नाल्याला अजून भरपूर पाणी होतं. भाजीवाली वनमाला डोक्यावर टोपली धरून मधोमध चालली होती, मांडीपर्यंत पाण्यात. पलीकडे तिच्या पाऱ्याची, म्हणजे वस्तीची, घरं दिसत होती. तिच्या चपला घेऊन तिथल्या काठावर एक लहान मुलगी उभी होती. मुलीचा एक हात प्लास्टरमध्ये.

"दाई, इथं पूल नाही का?" राजसनं हिंदीत विचारलं; वडीलधाऱ्या बाईला इकडे दाईच म्हणतात.

"लकड़ी के पूल रिहिस, बेटा. कोनो उठा के ले गे." वनमाला अलीकडे येऊन धापा टाकत मागच्या नातीकडे बोट दाखवू लागली. "नतनिन पानी में गिर गे. हाथ टूट गे."

पूल कोण घेऊन गेलं ते चौघांनाही ठाऊक होतं. आई तर टोपलीकडेच पाहत राहिली. परतताना एवढंच म्हणाली, "उशिरा आली म्हणून कालच मी तिला बोलले रे."

घरी आजोबा उद्याच्या कुर्त्याला इस्त्री करत होते.

"आजोबा, ते स्लीपर कोणाचे असतील तर?"

"कोणाचे नाही रे. मीच तर काठीनं दाखवले टेम्पोवाल्याला. उद्या भाषणात तुझं नाव घेऊन राहिलो, बरं का."

राजस तसाच बाहेर आला. ऋता दारातच उभी होती.

"सांगितलं?"

"नाही. सगळ्यांसमोर त्यांची मान खाली जाईल."

"अन् त्या पोट्टीचा हात?"

राजस म्हणाला, "सांगायचं नाही. दाखवायचं."

सकाळी पाहुणे जमले. फीत कापायच्या आधी राजसनं माईक घेतला. "आधी छोट्या लाईनच्या वाटेवर एक फेरी. गाईड आम्ही तिघं." आजोबा खूश झाले. सगळ्यांत पुढे तेच, निरंजनकाकांना जुनी स्टेशनं सांगत. नाल्यापाशी ऋता थांबली.

"पुढचं स्टेशन पलीकडे आहे."

"जायचं कसं पण?" निरंजनकाका हसले.

"जशी ती येऊन राहिली, तसं."

वनमाला पाण्यात उतरली होती. मागे पलीकडच्या काठावर ती मुलगी उभी होती. आजोबांनी पाण्याकडे पाहिलं, मग मुलीच्या हाताकडे. शिशिर म्हणाला, "आजोबा, तुमच्या बाकाला खालून टायर लावलाय. तो यांचा आहे."

आजोबांनी बूट काढले.

"बाबा, हात धरा," आई पुढे झाली.

पाण्यात जाऊन त्यांनी वनमालाच्या डोक्यावरची टोपली उतरवून घेतली. काठावर येऊन ते निरंजनकाकांना म्हणाले, "टेम्पो बोलाव. बाक खोलू."

"अहो, पण पाहुणे..."

"पाहुण्यांनाही हात लावू दे."

दुपारपर्यंत स्लीपर जागेवर आले. आजोबांनी मुलांच्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास रे पोट्ट्यांनो. माझी गाडी गेली म्हणून मी एवढा हळहळलो, अन् यांची वाट मीच उचलून नेली." बोलताना त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही. वनमालानं सगळ्यांना हात जोडले. "बने करेव, बाबू." चांगलं केलंत म्हणे! ते जोडलेले हात राजसला पाहवेनात.

ती मुलगी पुलाच्या टोकाशी आली. एक पाय ठेवला आणि थांबली.

"अब नइ ले जाहू न?" तिनं आजोबांना विचारलं.

"नाही," आजोबा म्हणाले. तिला ते कळलं नाहीसं पाहून तिच्या बोलीत म्हणाले, "नइ ले जाबो, बेटी."

ती पूल ओलांडून गेली. पण जाताना पुन्हा पुन्हा मागे वळून पाहत होती.