‘गृहपाठ’ नावाची फाइल

ताई खोलीत आल्या आणि भावजयीनं कॉम्प्युटरवरची फाइल झटकन मिटली. पापणी लवायच्या आत मिटली, पण ताईंचे डोळे छत्तीस वर्षं छापखान्यात अक्षरांवरून फिरून घडलेले... त्यांना फाइलचं नाव दिसलं, ‘गृहपाठ’, आणि त्याखालची एक ओळही दिसली. ती ओळ धड कुठल्याच भाषेतली नव्हती.

“मुलांचा अभ्यास तपासत होते,” भावजय म्हणाली. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवायची, तेव्हा सबब चांगलीच होती. पण खरं बोलताना कानाच्या पाळ्या अशा लाल होतात का?

संशय हा कापडात शिरलेल्या कसरीसारखा. एक भोक दिसलं की घडीघडीत भोकं सापडायला लागतात. गेल्या चार महिन्यांत घरातली जाड राखी घोंगडी नाहीशी झाली होती. चार पुडांच्या डब्यातला एक पूड जागेवर नसायचा. मंगळवारी आणि शनिवारी भावजय उशिरा यायची आणि तिच्या अंगाला दवाखान्यात येतो तसा वास यायचा. नवराबायको दाराआड कुजबुजत, ताईंची चाहूल लागली की गप्प होत. आणि परवा तर कहर झाला होता. आईच्या पत्र्याच्या पेटीतला कागदांचा जुना पुडा गायब होता!

आईनंतर ते घर दोघा भावंडांचं होतं, आणि कागद गेले म्हणजे घर गेलं, एवढं ताईंना कळत होतं. त्यांनी सरळच विचारलं होतं, कागद कुठं नेलेस? भावजय मान खाली घालून उभी राहिली. “मी परत आणून ठेवीन, ताई. एवढंच सांगू शकते.” त्यावर ताईंच्या तोंडून नको तो शब्द गेला, घरभेदी. भावजयीनं तोही गिळला. तिचं ते गिळणंच ताईंना जास्त खुपलं. निर्दोष माणूस असा गप्प राहील कशाला?

ज्या धाकट्या भावासाठी त्यांनी आयुष्य वेचलं, त्याच्याच घरात आता त्या अडगळ झाल्या होत्या का? ताई सोळा वर्षांच्या आणि धाकटा सात वर्षांचा असताना वडील एका सकाळी कामाला म्हणून गेले ते परतलेच नाहीत. दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटल्याचं मागाहून कळलं. आईनं अंथरूण धरलं. ताईंनी शाळा सोडली आणि छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला उभ्या राहिल्या. स्थळं आली, त्यांनी परतवली. धाकटा शिकला, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात लागला, त्याचं लग्न झालं... आणि त्या माणसाचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही, ही ताईंची शपथ आजवर कुणी मोडली नव्हती.

शनिवारी दुपारी भावजय बाहेर पडली. धाकटा रात्रपाळी करून आत झोपला होता. ताईंनी फाइल उघडली.

मजकूर रोजच्या तारखांनी मांडला होता. धाकट्याला पंपघरात फोन नेऊ देत नसत आणि दोघांच्या वेळा उलटसुलट. तेव्हा हे एकमेकांना लिहिलेले निरोप असणार, हे ताईंनी ओळखलं. कुलूप कसलं लावलंय तेही ओळखलं. मागं एकदा जेवताना भावजयीनंच मुलांचा प्रोग्रॅम कौतुकानं समजावला होता, की प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरं अक्षर ठरवायचं, त्याचा तक्ता करायचा. तक्ता सुलटा चालवला की निरोप झाकतो, उलटा चालवला की उघडतो. ताईंना तेव्हा हसू आलं होतं. छापखान्यात कॉम्प्युटर आल्यावर जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्या फॉन्टमध्ये आणायला त्यांनी स्वतः असाच तक्ता लिहिला होता.

फक्त हा तक्ता त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजणारा आठदहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. खिळ्यांच्या पेटीत कोणत्या अक्षराचं घर सगळ्यात आधी रिकामं होतं, हे त्यांच्या बोटांना सोळाव्या वर्षापासून पाठ होतं. काना-मात्रा जशाच्या तशा ठेवलेल्या दिसत होत्या; बदलली होती ती व्यंजनं. जवळजवळ प्रत्येक ओळीत एक शब्द होता, ‘ढाई’. कुठं ‘ढाईंखा’. ढ म्हणजे त धरला, तर... ताई! आणि ‘ढाईंखा’ म्हणजे ताईंना.

रोज, न चुकता, त्यांच्याच नावानं खलबतं चालली होती. ‘खाघी’ म्हणजे नाही. ‘ताईंना... नाही’, ‘ताईंना... नाही’, पानापानावर तेच! आणि एक शब्द तर उघडाच दिसत होता, ‘मामा’. भावजयीचा हा कोण मामा उपटला होता, घरावर डोळा ठेवून?

एकेक अक्षर तक्त्यात बसत गेलं. ताईंनी तक्ता उलटा चालवला. पडद्यावर ओळी उलगडल्या, आणि ‘मामा पेछगे खाघीढ’ या चार महिन्यांपूर्वीच्या ओळीच्या जागी लिहिलेलं होतं...

बाबा जेवले नाहीत.

मामा कुणीच नव्हता. म म्हणजे ब होता.

ताईंनी पुढं वाचलं. वाचवत नव्हतं, तरी वाचलं. बाबांची उजवी बाजू गेली आहे. तिकडच्या लोकांनी त्यांना शुश्रूषागृहाच्या दारात आणून सोडलं आणि पत्ता आपला दिला. नोंदीसाठी त्यांचे जुने कागद मागतात, पेटीत असतील. पाठीला जखमा झाल्यात, आज मी धुतल्या. ताईंना कळू देऊ नका, त्यांनी फार सोसलंय. आज ताई मला घरभेदी म्हणाल्या. त्यांचं चुकलं नाही. बाबा पुन्हा ताईंना विचारत होते...

मागं चाहूल लागली. धाकटा दारात उभा होता, आणि त्याचा चेहरा सात वर्षांच्या पोराचा झाला होता.

“किती दिवस माझ्याशी असं वागणार होतास?” ताईंनी विचारलं.

“ताई, मी एकदाच गेलो गं तिथं. मला त्यांना हात लावता येईना. तू आठवलीस... बाहेर येऊन ओकलो. मग ती म्हणाली, तुम्ही राहू द्या, मी जाते.”

ज्यानं ताईंच्या कोवळ्या आयुष्याची राख केली, त्याच्यासाठी याच घरातून डबा जात होता! हा विश्वासघात नव्हता, तर काय होतं? पण रागाला उभं राहायला जागा सापडेना. ज्या परक्या मुलीचं त्या माणसाशी कसलंच देणंघेणं नव्हतं, ती त्याच्या जखमा धूत होती, आणि घरी येऊन ताईंचे शब्द झेलत होती... त्यागाची मिरास आपल्या एकटीची, असं त्या इतकी वर्षं समजत आल्या होत्या.

“चल,” त्या उठल्या. “मला दाखव.”

कालव्यापलीकडच्या गल्लीत सहा खाटांचं शुश्रूषागृह होतं. धाकटा व्हरांड्यातच थबकला. शेवटच्या खाटेशी भावजय चमच्यानं मऊ भात भरवत होती. ताईंना पाहताच तिनं चमचा वाटीत ठेवला.

“ताई, मी सांगणारच...”

“गप्प बस,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी तिला जवळ ओढलं. “मी तुला नाही नाही ते बोलले गं. मला एक शब्द उलटून तरी बोलायचास.” भावजयीचा इतक्या महिन्यांचा बांध त्यांच्या खांद्यावर फुटला.

खाटेवर राखी घोंगडीखाली एक हाडांचा सापळा होता. त्याचे डोळे ताईंवर खिळले. ओठ वाकडे होऊन हलले. आता क्षमा मागेल, आणि आपण ती देणार नाही, असा ताईंनी मनाशी निश्चय केला होता. पण तो माणूस क्षमा मागत नव्हता. एकेक शब्द ओढत, कष्टानं, तो विचारत होता,

“तुझा... निकाल... लागला का गं?”

तो घर सोडून गेला, त्यानंतर आठवड्यानं लागला होता तो शाळेच्या वार्षिक परीक्षेचा निकाल. ताई तो कागद कुणालाही न दाखवता छापखान्याच्या कामावर गेल्या होत्या. दाखवायचा तरी कुणाला होता?

त्या स्टूल ओढून बसल्या.

“लागला, बाबा. पहिली आले होते.”

म्हाताऱ्याच्या निकामी न झालेल्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळून उशीत मुरलं. ताईंनी ते पुसलं नाही. त्यांनी भावजयीच्या हातातून वाटी घेतली. “तू घरी जा आता, जरा पड,” त्या म्हणाल्या. “राहिलेलं मी भरवते.”