पालट

मोबाईल खाली ठेवा बघू. आणि तू, मध्येच खिदळायचं नाही. ही माझ्या साडूची गोष्ट आहे, आणि थापा मारायला जमलं असतं तर तो आज बंगल्यात राहिला असता.

साडू घोड्यांना मालिश करतो. आखडलेल्या मांड्या, खांदे तळहाताने दाबून मोकळे करायचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. बोलायला म्हणून एकच माणूस होता, तबेल्यातला घोड्यांची निगा राखणारा म्हातारा मोतद्दार. दोघं मिळून घोडा रगडायचे, हा डावीकडे, तो उजवीकडे. एकजण 'पालट' म्हणाला की बाजू बदलायची. हा तोंडाकडून फिरायचा, तो शेपटीकडून. घोडा बुजू नये म्हणून अंगावरचा हात मात्र उचलायचा नाही.

पावसाळ्यात मोतद्दार वारला.

डिसेंबरातल्या दुसऱ्या गुरुवारी तबेल्याच्या मालकाचा फोन आला. मोतद्दाराची लाडकी तांबूस घोडी कंबरेत आखडली होती, पाऊलच टाकत नव्हती. "वय झालंय तिचं. सकाळी डॉक्टर येतायत. चालली तर ठीक, नाहीतर इंजेक्शन देऊन मोकळी करू म्हणतात," मालक म्हणाला. "तुम्ही एकदा हात लावून बघा."

साडू रात्री पोचला. मालक दार उघडून देऊन झोपायला गेला. वर एक बल्ब, खाली घोडी आणि हा. डावी बाजू दाबता दाबता तो तिच्याशीच बोलायला लागला. "म्हातारा गेला. तुला कुणी नाही, मलाही कुणी नाही. निदान तू तरी जाऊ नकोस गं बाई." बोलता बोलता त्याला रडूच कोसळलं.

बारा वाजून गेले. डावी बाजू जरा सैल पडली. हात भरून आले होते, डोळ्यांवर झापड होती, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं...

"पालट."

घोडीचे कान मागे वळले.

साडू जागचा हलला नाही. पलीकडे कुणी नव्हतंच. पण तिच्या कंबरेवरचे केस... दबले. पंजाएवढे.

पंजा सरकला. मागच्या पुठ्ठ्यावर आला. शेपटीवरून वळला.

हळूहळू. हात न उचलता.

याच्या बाजूला.

"क... कोण?"

...

घोडीने लांब श्वास सोडला. तिचा खालचा ओठ लोंबला. अंग मोकळं झालं की घोडी असंच करते. साडूने डोळे गच्च मिटले. पुढचं त्याला आठवत नाही.

पहाटे मालकाने त्याला हलवून उठवलं. घोडी आपल्या पायांनी दारापर्यंत गेली होती.

"अहो, हात आहेत की जादू!" मालक म्हणाला.

घरी येऊन त्याने आंघोळीला शर्ट काढला. शर्टाच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तांबूस केसांचा एक अख्खा पंजा उमटला होता. बोटं मानेकडे.

त्याचाच हात लागला असेल म्हणता? लावून बघा की आपापल्या पाठीला. आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवणारं त्या घरात कुणीच नाही.